पुढच्या चाकांचं काम

सदरलँडला पहाटे उणे सहा.
डिझेलच्या डब्यावर बर्फाची साय.
हेस्त्रीने पिकअप चढवली जॅकवर
आणि खाली ओंडका सरकवला.
जॅकने दोनदा फसवलंय तिला.

चाक उतरलं. कॅलिपर तारेने टांगला,
होजला ओढ नको.
मग हबचे सहा नट,
आणि ते शंकूसारखे वॉशर, हटूनच बसलेले.
लोडेवेकने हातोडा उगारला.
"हबवर मार, स्टडवर नको.
रागाने नको, दार वाजवल्यासारखं."
पाचव्या टकटकीला एक उडाला
तो थेट चाऱ्यात.
अर्धा तास शोधला दोघांनी,
शेळीचं तोंडसुद्धा उघडून.

जुनी डिस्क. नखाला लागतात तिचे चर.
घाटातली उतरण, फाटक, मेंढ्या,
आणि एकदा, रस्त्यात बसलेलं कासव.
बारेंड उतरला होता, दोन्ही हातांनी
त्याला झुडपाखाली ठेवून आला होता,
सावकाश,
शेजारच्या सीटवर ती कळा मोजत असताना.
"म्हणून तू उशिरा आलास," ती म्हणते
आणि नव्या डिस्कवरचं तेल पुसत राहते,
चिंधी काळी व्हायची थांबेपर्यंत.

पेडल पहिल्यांदा तळालाच टेकलं.
पोराचा चेहरा पडला.
"पिस्टन मागे ढकललेत आपण. पंप कर."
दुसऱ्यांदा पोकळ.
चौथ्यांदा पायाला काहीतरी भेटलं.

संध्याकाळी खडीच्या रस्त्यावर
साठवरून वीस, परत साठ.
समोर कुणी नाही, लांब एक पवनचक्की.
"दाब."
"कशासाठी?"
"सवय होऊ दे त्यांना."