इनास आणि वीस मिलिसेकंद

चोडणच्या फेरीवर सकाळी चढलेल्या दुचाकी सदतीस.
माझ्या डब्यावर आकडा: एकशे बारा.
तिळवे साहेब फोनवर हसले नाहीत.
खलाशी इनासने सायबिणीची शपथ घेतली,
"एका स्कूटराक एकदांच, बाय."

रायबंदरला, सुक्या मासळीच्या दुकानावरच्या खोलीत
मी बटणाला ऑसिलोस्कोप जोडला
आणि दाबलं. एकदाच.

हिरवी रेघ खाली आली,
उसळली, आली, उसळली,
अकरा वेळा,
डोळ्याची पापणी हलायच्याही आत.
नखाएवढी पितळी पट्टी
पट्टीवर आदळून हो म्हणाली, नाही म्हणाली, हो म्हणाली,
मग कुठे निजली.

इनास खोटं बोलला नव्हता.
बटणही नाही.
माझी चिप तेवढी
प्रत्येक थरथरीला स्कूटर समजत होती.

एक रेझिस्टर, एक कपॅसिटर,
भरलं असतं काम. पण डब्यात जागा ठेवली नव्हती मी,
कंजूषपणा माझाच.

दुसऱ्या दिवशी डबा मांडीवर घेऊन
सात-चाळीसच्या फेरीत बसले.
ओहोटी. चोडणचा धक्का शेवाळलेला, उघडा.
बोटीची लोखंडी फळी काँक्रीटला लागली,
उचलली, घासली, परत लागली.
मागे सगळ्यांनी गाड्या सुरू केल्या,
एका पोराने तर चाक पुढे घातलंच.
इनासने मागे न बघता तळहात वर केला:
"राव रे, मात्सो राव."
तो धक्क्याकडे बघत नव्हता,
फळीवर टेकवलेल्या आपल्या पायाकडे बघत होता.
पाण्याचा एक फुगा फळीखालून फसकन सुटला.
पाय हलायचा थांबला.
मग हात खाली.

तिथेच, लॅपटॉपवर, डिझेलच्या वासात लिहिलं:
पहिल्या स्पर्शावर भुलू नको.
वीस मिलिसेकंद थांब, पुन्हा बघ,
अजून दाबलेलंच असेल तर एक म्हण.
त्या थांबण्याला कोडमध्ये नाव द्यावं लागतं.
मी दिलं: इनास.

संध्याकाळी डब्यावर एक्केचाळीस.
इनासच्या वहीत, पेन्सिलीने, चाळीस.

एक बाई चढली होती म्हणे, बटणही दाबून झालं होतं,
आणि दोर सोडता सोडता तिने गाडी मागे वळवली,
गॅस बंद केला की नाही, आठवेना म्हणून.

ते कसं थांबवायचं, मला अजून सुचलेलं नाही.