तुमच्या बाईला विचारा

प्रतीक्षानगरच्या थांब्यावर उभी राहून
मी फोनला विचारते,
प्रतीक्षानगर ते भोईवाडा, बस कधी आहे?
ती म्हणते, कृपया प्रतीक्षा करा.
मग गप्प.
ते माझ्या वस्तीचं नाव होतं की तिचा हुकूम,
मला अजून कळलेलं नाही.

आकड्यांवरून तर आमचं रोजचं भांडण.
एकोणसत्तर म्हटलं की ती एकोणऐंशीची वेळ सांगते.
मी पुन्हा म्हणते, सहा. नऊ.
पुढच्या घरातून एक उणा करून जगणारे हे आकडे
तिला कुणी शिकवले कोण जाणे,
घाईत शिकवले.

पूर्वी मी माणसांना विचारायची,
कुठली आली हो?
कुणी नंबर सांगे,
कुणी दंडाला धरून सरळ गाडीत चढवून मोकळा होई,
तेवढंच पुण्य.
एकदा अशीच मी कुणाचं तरी पुण्य होऊन
अणुशक्तीनगरला उतरले.

आता कानात तार, हातात पांढरी काठी
आणि अख्खा थांबा माझ्याभोवती.
शेवंतीच्या वासाआडून कुसाबाई म्हणते,
ताई, तुमच्या बाईला विचारा ना, माझी कधी?
तबरेझचं चार्जिंग दहालाच संपलेलं असतं.
वॉचमन दूधनाथला वाचता येतं,
पण त्याला ऐकायला आवडतं.
मी विचारते, ती सांगते,
मी मोठ्यानं पुढे सांगते,
जशी एकतीस वर्षं सांगत आले
फोर्टातल्या बँकेच्या टेलिफोन बोर्डावर,
थांबा हं, लाइन जोडते.

आज ती म्हणाली,
तुमची बस थांब्यावर पोहोचली आहे.
सगळे कडेला सरकले. मी काठी मिटली.
ब्रेकचा सुस्कारा नाही, दाराचा फटकारा नाही.
विजेवरच्या गाड्या आल्यापासून
बस मांजरीच्या पावलांनी येते,
म्हणून आणखी थोडा वेळ कान लावला,
टायरखालची खडी तरी बोलेल.
दूधनाथ म्हणाला, कुछ नहीं है, मॅडम.
कुणीतरी हसलं.
कुसाबाई म्हणाली, खोटारडी आहे तुमची बाई.

मला तिचा राग येईना.
मीही सांगितलंय,
साहेब जागेवर नाहीत,
साहेब काचेपलीकडे पेपरची घडी मोडत असताना.
घडी मला ऐकू यायची.
एक म्हातारा आवाज होता, नाव तेंडोलकर.
बरं, म्हणायचे, मग उद्या करतो.
ठेव मोडायची होती त्यांना, मुदतीआधी, सही हवी होती.
पंधरा दिवस रोज, साडेअकराला.
मग साडेअकरा नुसतेच वाजायला लागले.
मी चौकशी केली नाही.
चौकशी म्हणजे मीच होते ना,
पाटीच तशी होती माझ्या टेबलावर,
असं लोक सांगायचे.

तिलाही कुणी सांगितलं असेल,
असं असं सांग म्हणून.
नकाशावरचा ठिपका खोदादाद सर्कलला अडकलेला
आणि वरून निरोप,
पोहोचली म्हण.
तिच्या आवाजात कधी कफ नसतो.
ती चहाला उठत नाही.
सणाच्या दिवशीही तिचा स्वर तेवढाच गोड,
हे मात्र मला जमलं नव्हतं.

गाडी आली ती अकरा मिनिटांनी.
कुसाबाईनं आधी टोपली चढवली, मग मला.
खिडकीजवळची एक जागा
कुणाच्या तरी गुडघ्यांनी बाजूला होऊन दिली.
कंडक्टर ओरडला, पुढे सरका, पुढे सरका,
तर कानात ही म्हणते,
माफ करा, मला समजलं नाही,
पुन्हा सांगाल का?

मी काहीच बोलले नव्हते.
बटण चाचपलं, दाबलं.
जा, म्हटलं,
चहा घेऊन ये.