कोर

उद्यमबागेत मी कोर करते.
वाळूत तेल कालवायचं, पेटीत ठोकून बसवायचं,
भट्टीत भाजायचं, पावासारखं तपकिरी होईतोवर.
मग ते साच्यात ठेवतात, भोवतीनं लोखंड ओततात,
लोखंड निवलं की माझी वाळू फोडून
झाडून टाकतात.
उरते ती पोकळी. तिच्यातनं पंपाचं पाणी जातं म्हणे.
मी पाणी बघितलेलं नाही.
वाळू बघितलीय, बावीस वर्षं.

देवपुत्र मोल्डिंगला होता.
तो बैलहोंगलचा, कानडी. मी खानापूरकडची.
लग्नात दोन बायबलं आली घरात,
अनगोळच्या खोलीत एकाच फळीवर
एकमेकाला टेकून.
बाहेर पाट्यांना काळं फासत होते त्या वर्षीही
ती तशीच टेकलेली.

रात्री जेवायच्या आधी प्रभूची प्रार्थना,
तो त्याच्या भाषेत, मी माझ्या.
सुरू एकदमच व्हायचो,
पण त्याचा ‘तंदे’ माझ्या ‘पित्या’पेक्षा सावकाश चालायचा.
मी रोजच्या भाकरीपर्यंत पोचायची,
हा अजून स्वर्गातच.
माझं आमेन झालं की मी डोळे मिटून थांबायची,
चार-पाच श्वास.
पहिल्या पहिल्यांदा चिडायची.
आवर की गा, भात करपतोय चुलीवर.

मग ते श्वासच लांबत गेले.
ईएसआयच्या डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला.
छातीत वाळू, म्हणाला. निघत नाही ती.
कागद भरता भरता विचारलं, बाई, तुमचं नाव?
सुवार्ता, मी म्हटलं,
आणि आम्हा दोघांना हसू आवरेना.
त्याला खोकला लागला हसून हसून.
डॉक्टर बघतच राहिला.

पाळकसाहेब आले. परीक्षा आहे, ताई, म्हणाले.
मी म्हटलं, असू दे,
पेपर कुठल्या भाषेत आहे तेवढं विचारून सांगा.
ते गप्प झाले. मग बाह्या दुमडून
ऑक्सिजनची नळकांडी जिन्यावरनं वर आणली,
पुढं दर शुक्रवारी आणली.
त्यांचं ते एवढंच प्रवचन मला पाठ आहे.

शेजारची यल्लूबाई दारात उभी राहून म्हणाली,
मी आमच्या देवीला बोललेय गे त्याच्यासाठी,
तुझा येशू रागवायचा न्हाई न्हवं?
म्हटलं, तो कशाला रागवतोय.
मीच रागावलेय त्याच्यावर.

खरंच रागावले होते.
गुडघे टेकायची आणि काहीच बोलायची नाही,
घे, गुडघे घे, शब्द मिळायचे नाहीत.

क्रुसावर माणूस रक्तानं नाही, दमानं मरतो,
हे मला देवपुत्रानं सांगितलं,
तीन उशांना टेकून, थांबत थांबत.
छाती उचलता येत नाही म्हणे.
मग म्हणाला, त्याला ठाऊक आहे.
बाकी मला काय कळत नाही, सुवार्ता.
हे त्याला ठाऊक आहे.

मंगळवारी गेला, पहाटे, पाणी यायच्या वेळेला.
नळाखाली घागर भरून वाहत होती,
कुणी बंद करीना.

अकराव्या दिवशी कामावर गेले.
हातानं सवयीनं दोघांची भाकरी बांधली होती.
त्याच्या वाटणीची कोर
डब्यात तशीच परत आली.
दुसऱ्या दिवशीही.
तिसऱ्या दिवशी ती नव्या पोरीला दिली,
भट्टीवर आलेली, सौंदत्तीकडची,
तोंडाला फडकं बांध म्हटलं, दोन पदरी,
आणि मालकाच्या केबिनमध्ये जाऊन
सगळ्यांसाठी मास्क मागितले.
माझा आवाज एवढा मोठा आहे
हे मलाच माहीत नव्हतं.

आता रात्री एकटीच म्हणते.
राग गेलेला नाही सगळा,
त्याच्यासकट म्हणते.
आमेन होतं, उठत नाही.
देवपुत्र अजून पहिल्या ओळीत असेल,
स्वर्गातच.
चार-पाच श्वास. कधी जास्त.
त्या मोकळ्या जागेतनं काहीतरी वाहतं.
मी बघितलेलं नाही.

परवा भात करपला.
करपू दिला.