कोणाचे दोन

पहिल्याच दिवशी चुकामूक झाली.
वाचनालयाच्या पायऱ्यांवर, दोन वाजता, असं ठरलं होतं.
मी दोनला गेलो, भर उन्हात, टोपी घालून.
ती सकाळी आठलाच येऊन,
वॉचमनला तीनदा नमस्कार करून
परत गेली होती.

तिच्या गावाचं नाव टांगा. समुद्राकाठी आहे.
तिथे उजाडल्यावर घड्याळ सुरू होतं,
तास झाला की एक, दोन तास झाले की दोन.
"तुमचा दिवस रात्री बारा वाजता का बदलतो?
तेव्हा बघायला कोण जागं असतं?"
बत्तीस वर्षं मी विम्याच्या तारखा सांभाळल्या,
मला सांगता आलं नाही.

विमा मात्र तिला लगेच कळला. त्यांच्याकडे बिमा.
गाडीला गारी. कोशिंबिरीला कचुंबारी.
फार्मसीचं तिसरं वर्ष चालू,
"पेशंट मराठीत खोकतात," म्हणाली, "म्हणून शिकायचंय."

नाव सुबिरा.
रविवार कारंजावर एका रिक्षाची पाठ
बोट फिरवत वाचली तिनं, स, बु, री,
आणि मला दंडाला धरून थांबवलं:
"हे माझं नाव आहे! कोणी लिहिलं?"

बुधवारच्या बाजारात, गोदाकाठी,
मी सांगत होतो: चाकू तो, सुरी ती, पातं ते.
"का?"
असतं तसं.
"तीनच?"
त्यांच्याकडे माणसांचा वेगळा गट, झाडांचा वेगळा,
फळांचा, हत्यारांचा...
मोजता मोजता ती दुसऱ्या हातावर गेली.
मग मेथीवालीला विचारलं, "जुडी कशी दिली?"
अगदी बरोबर, स्त्रीलिंगी.
तिला पाच रुपये कमी लावले.
मला पूर्ण भाव.

तिथेच एक पोरगा मोबाईल धरून
तिच्या केसांचा फोटो काढू लागला.
ती वळली.
"विचारलंस का?"
हे वाक्य मी शिकवलं नव्हतं.
त्यानं मोबाईल खिशात घातला,
मी उगाच कोथिंबिरीच्या जुड्या खालीवर केल्या.

आम्ही आणि आपण तिला जमत नव्हतं.
"आम्ही चहा पिऊ?" विचारायची,
मी म्हणायचो, "प्या. मी बघत बसतो."

भूतकाळाच्या दिवशी
हाताशी होतं ते उदाहरण दिलं: वडील गेले.
"किती?" तिनं वहीतून मान न उचलता विचारलं.
आदरार्थी बहुवचन अजून झालं नव्हतं.
एकच, म्हटलं.
"कुठे?"
मी जाणे या क्रियापदाचा दुसरा अर्थ
सांगायला लागलो
आणि सांगता सांगता, गेल्या आषाढातला
तो सिव्हिलचा जिना
मध्ये आला.

तिनं पेन ठेवलं.
"पोले," म्हणाली.
ओझं उचलणाऱ्याला म्हणतात, ठेच लागलेल्याला,
ज्याची बस चुकली त्यालाही.
चूक कोणाची नसते त्यात.
मी आपल्याकडचा शब्द शोधला.
अरेरे फार मोठ्यानं होतं. सॉरीत गुन्हा कबूल होतो.
शेवटी पेन्शनच्या डायरीत, मागच्या पानावर,
माझ्याच अक्षरात लिहून घेतलं: पोले.
तिनं वाकून पाहिलं,
एका मात्रेवर बोट ठेवलं, बरोबर, म्हणाली.

काल निघताना बॅग खांद्याला लावत ती म्हणाली,
"आपण उद्या दोन वाजता भेटू."
आपण.
मी ऐकलं, पण शाबासकी द्यायची राहून गेली.

कोणाचे दोन, तेही विचारलं नाही.
आठला जाऊन बसेन.
वॉचमन ओळखीचा आहे,
आणि दुपारपर्यंत पायऱ्यांवर सावली असते.