एकोणीस डबे, सहा कुंड्या

लोकमान्य नगरच्या गच्चीवर, टाकीच्या आडोशाला
सहा कुंड्यांत स्ट्रॉबेरी लावली मी, दिवाळीच्या आधी.
माती शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधली, माळव्याची काळी;
भिजली की चप्पल सोडत नाही,
सुकली की खुरपं आत घेत नाही.
मुठीत दाबून मूठ उघडली,
गोळा तसाच, माझ्या बोटांचे ठसे घेऊन बसलेला.
मी म्हटलं, कसदार आहे.

खायला घालणं हाच माझा धंदा.
भंवरकुआच्या खोल्यांतून परीक्षा देणाऱ्या पोरांचे
एकोणीस डबे सकाळी, एकोणीस रात्री, प्रत्येकी सहा पोळ्या.
मग रोपांनाच का कमी?
चहाचा चोथा, साखरेसकट. मुंग्या आल्या.
डाळीचं धुवण, आंबलेलं ताक,
चार दिवस भिजवलेली मोहरीची पेंड.
खालच्या राजोरिया भाभी नाकाला पदर लावून वर आल्या,
"ऊपर कुछ मर गया क्या?"

पानं मात्र आली, तळहाताएवढी,
पालकासारखी गर्द.
फूल एकही नाही.

सुरसिंग डावर, अलीराजपूरचा, कृषी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला.
दोन महिन्यांचे पैसे थकलेले,
म्हणून डबा जिन्यात ठेवून पळणारा.
त्या दिवशी गच्चीवर कसा चढला कोण जाणे.
गुडघ्यांवर बसला, रोपाच्या बुंध्याशी बोट घातलं.
"आंटीजी, गला दबा दिया आपने इसका."
खरंच, कोंब मातीत बुडून काळा पडत होता.

रविवारी त्याने सगळ्या कुंड्या पालथ्या केल्या.
काळी माती एक घमेलं,
जाड वाळू एक, कुजका पालापाचोळा दोन;
तळाला खापऱ्या, वरून सोयाबीनचं भूस,
फळ आलं तर ओल्या मातीवर टेकू नये म्हणून.
कोंब उघडा, अगदी मातीच्या पातळीवर.
पिवळ्या पानांच्या हिरव्या शिरा दाखवत म्हणाला,
लोह मातीत आहे, पण कुलूपबंद. बोअरचं पाणी बंद करा,
नर्मदेचं एक दिवसाआड येतं ना, तेच घाला.
आणि खत?
"तीन हफ्ते कुछ नहीं.
भूखा रहेगा तो फूल सोचेगा."

तीन आठवडे.
ताकाचं पातेलं हातात घेऊन दोनदा जिना चढले,
दोनदा उतरले.
अठरा डब्यांतून रोज उरलेल्या पोळ्या परत येतात,
हे मी त्याच आठवड्यांत पहिल्यांदा मोजलं.

संक्रांतीच्या आसपास पाच फुलं. मग चमचाभर पोटॅश,
तेही त्याच्यासमोर, त्याच्या चमच्याने.
पहिलं फळ टोकाशी पांढरंच राहिलं,
अर्धं बुलबुलाने नेलं.
उरलेलं मी चाकूने दोन केलं, एक त्याला.
आंबट होतं. दोघांनीही डोळे मिटले.

एकोणिसावा डबा त्याचा.
रिकामा येतो, घासून, पालथा वाळवून.
उद्यापासून त्यात आठ पोळ्या.
फुलांचं बघू.