दोन झाडांचं आडनाव

गुरुवारी दुपारी मी व्हॅन ग्रंथालयाच्या मागच्या दाराला लावतो.
हीटर अर्धामुर्धा, बाहेर उणे एकवीस.
तळघरातून लिफ्टने क्रेट वर येतात :
चिनी, जपानी, कोरियन,
वीस वर्षांत कुणी घरी न नेलेली पुस्तकं.
शहराबाहेर, मक्याच्या शेतांपलीकडे, त्यांचं कोठार आहे.
तिथे विषय चालत नाही, उंची चालते.
बुटकी बुटक्यांत, उंच उंचांत,
सैन्यभरतीत आम्हाला उभं केलं होतं तशी.

आधी मी ओंडके वाहायचो, कागदाच्या गिरणीला.
तेव्हाही मालातलं काही वाचता येत नव्हतं
आणि येतं का म्हणून कुणी विचारतही नव्हतं.

बुन-ही बाई विचारतात.
एकतीस वर्षं तळघरात, खिडकी नसलेल्या खोलीत.
क्रेट बंद करण्याआधी सगळ्यात वरचं पुस्तक उघडून धरतात :
घ्या, ओळख करून घ्या,
तासभर एकत्र प्रवास आहे तुमचा.

आज त्यांनी तीन पातळ पुस्तकं परत बाहेर काढली.
एक ओसाकात छापलेलं, एक शांघायला, एक सोलला.
यादीत तीन लेखक : हायाशी. लिन. इम.
तीन कपाटं, एकमेकांना कधी न भेटलेली.
"नाव नका वाचू, कणा बघा," म्हणाल्या.
तिन्ही कण्यांवर तीच खूण,
शेजारी शेजारी दोन झाडं,
एकाची फांदी दुसऱ्याला जेमतेम टेकलेली.
"दोन झाडं म्हणजे वन. आडनाव आहे.
ज्या बंदरात उतराल तिथली माणसं
ते आपल्या तोंडाने वाचतात."

झाड मला कळतं.
म्हटलं, म्हणजे माणूस एकच?
"तेच तर सिद्ध करायचंय. जन्मसाल जुळतं.
पण त्या साली पुष्कळ लोक जन्मले."

पा न्हिया लेबलं चिकटवत होती. विद्यार्थिनी, तासाला पंधरा डॉलर.
मान वर न करता म्हणाली,
आमच्या मोंग लिखाणात माझ्या नावाला दोनदा शेवटी 'जे' येतं.
ते म्हणायचं नसतं.
ते फक्त सांगतं, आवाज उंचावरून खाली सोड.
सर हजेरी घेताना ते नेमकं चावतात.
मग?
मग काय, हजर म्हणते.

सोलच्या पुस्तकात, मागच्या पानाला,
चुकांची एक चिठ्ठी डकवलेली निघाली.
बाईंनी ती दोनदा वाचली, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
पान एक्केचाळीस, 'हिवाळा' नव्हे, 'पाहुणा'.
या पुस्तकातलं पान नव्हेच ते.
ओसाकातल्या पुस्तकातलं. सोळा वर्षांपूर्वीचं.
"दुसऱ्याच्या चुकीसाठी
कुणी इतक्या उशिरा माफी मागतं का?"
संगणकावर त्यांनी दोन नोंदी जोडल्या.
आवाज झाला तो फक्त एका कळीचा.

शांघायचं अजून लटकलेलं.

होल्गर्सन साहेबांच्या तक्त्यात जूनचा रकाना लाल आहे.
बाई निवृत्त होतील, जागा भरायची नाही,
नोंदी बाहेरून विकत घ्यायच्या, शेकड्याच्या भावाने.
मला हे माहीत आहे, कारण तक्ता माझ्याकडेही येतो :
जूननंतर माझ्या फेऱ्या दुप्पट.
"ओसाकाच्या शाळेत मी यानागावा होते,"
क्रेटवरची टेप दातांनी तोडत बाई म्हणाल्या.
मी थांबलो. पुढे काही आलं नाही.
मी क्रेट उचलला.

कोठारात मी नियम मोडला नाही.
ओसाकाचं पुस्तक बुटकं, गेलं अकराव्या ओळीत.
सोलचं बोटभर उंच, एकोणतिसाव्या.
मध्ये एकशे चार पावलं. येताना मोजली,
जाताना पुन्हा मोजली, एकशे सहा भरली.
शांघायचं तळघरातच ठेवून घेतलंय त्यांनी,
दिव्याखाली, चहाच्या कपापासून जरा लांब.

फेब्रुवारी आहे.
जूनला अजून वेळ आहे.