भरती-ओहोटीच्या वेळा

वेंगुर्ल्यात, काजूच्या कारखान्यावर पत्र्याखाली आमचं केबल चॅनल.
खाली बिया भाजत, वर बातम्या.
आरोलकर कोट घालत, कोटाखाली लुंगी;
कॅमेरा टेबलाखाली जात नसे.
एकोणीस वर्षं तेच: बांगड्याचा भाव,
लाईट कुठे जाणार, कोण वारलं,
आणि शेवटी, चष्मा पुसून,
भरती-ओहोटीच्या वेळा.

मग चॅनल विकलं गेलं.
नवा मालक चिऱ्याच्या खाणींतून आलेला.
म्हणाला, भरती रोजच येते, ती बातमी कशी?
आरोलकरांना महिनाअखेरची तारीख दिली.

त्या रात्री नऊला त्यांनी कागद पालथा घातला.
"भादव्यात इनास फर्नांडिस होडीसकट गेला.
त्याच्या बायकोला आम्ही दोनदा रडवलं.
पहिल्यांदा बॅटरी संपली,
दुसऱ्यांदा मागे कोंबडा आरवला.
तिसऱ्यांदा ती रडली नाही. म्हणाली, पुरे झालां?
तुम्हाला दाखवलं ते दुसरं.
कोंबडा काढून."

मी कॅमेऱ्यामागे होतो.
बॅटरी माझी होती.

मालकाचा फोन: बंद कर.
पाच मिनिटांनी परत फोन: बंद करू नको.
शिरोड्यापासून कुडाळपर्यंत लोक सेटभोवती जमले होते.

सोमवारी पाटी लागली,
'आरोलकरांचा संताप', रोज रात्री नऊ,
सौजन्य इन्व्हर्टरवाले.
पावडर आली, नवा कोट आला, पँटसुद्धा.
मी बोटं मिटत जायचो, तीन, दोन, एक,
आणि संताप.
खड्ड्यांवर संताप, डॉक्टर नसलेल्या दवाखान्यावर संताप,
चिऱ्याच्या खाणीचं नाव ओठावर आलं
की जाहिरात.
बाजारात माणसं वाट अडवत:
"आरोलकरानू, एकदा वरडान दाखवा मां!"
ते ओरडून दाखवत, हातात कोथिंबिरीची जुडी.

दशावतारातल्या राक्षसाला
निदान पहाटे रंग पुसता येतो.

तुळशीच्या लग्नापर्यंत आवाज बसला.
मालकाने सावंतवाडीचा एक पोरगा आणला,
त्याला रडताही येतं.
आरोलकर कोट खिळ्याला अडकवून जिना उतरले.
त्या रात्री ते चॅनलवर नव्हते
ही बातमी आम्ही लावली नाही.

काल बंदरावर इनासची बायको भेटली,
डोक्यावर रिकामी पाटी.
माझ्या हातातला माईक बघून म्हणाली,
"फाल्या सुकती कितक्या वाजता?"
मी मोबाईल काढला. रेंज नव्हती.
तिने खडकावरच्या कालवांची ओली रेघ पाहिली,
जरा थांबली.
"ऱ्हवांदे. दिसता माका."

गेली ती वाळूवरून.
मी कॅमेरा खांद्यावर तसाच.
आज बॅटरी भरलेली होती.